मुंबईतील स्मारके

मुंबईतील स्मारके : मुंबई शहरात व उपनगरांत व्यक्ती, समाजगट किंवा घटना यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तू, पुतळे, स्तंभ, कारंजी, पाणपोया, क्रूस, नामफलक व संस्था यांचा समावेश या संज्ञेत होतो. सात बेटांच्या समूहातून वाढलेल्या या शहरात कोळी, आगरी, पाठारे प्रभू, पारशी, भाटिया, बोहरा, ज्यू, ईस्ट इंडियन व गोमंतकीय ख्रिस्ती, तसेच कोकण आणि देशावरून आलेले कामगार अशा अनेक समाजांनी वस्ती केली. त्यांपैकी ज्यांच्या हाती पैसा वा सत्ता होती, त्यांची स्मारके प्रथम उभी राहिली. श्रम करणाऱ्यांची स्मारके फार उशिरा आली आणि अनेकांची अद्यापि नाहीत. त्यामुळे शहरातील स्मारकांचा इतिहास हा एका अर्थी कोणाचे स्मरण ठेवावे याविषयीच्या सामाजिक निर्णयांचा इतिहास होय. पुतळा, लोकोपयोगी वास्तू आणि सामुदायिक स्मरणस्थळ असे या स्मारकांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पूर्वपीठिका : युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ वीरगळ उभारण्याची महाराष्ट्रातील जुनी प्रथा मुंबईच्या परिसरातही होती. बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले असून त्याचा संबंध सामान्यतः तेराव्या शतकात उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर व देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडला जातो. या शिळांवर वीरांची नावे वाचावयास मिळत नाहीत. तथापि स्थानिक लोक त्यांना देव मानून पूजीत आल्यामुळे त्या टिकून राहिल्या. नाव विसरले गेले तरी लोकांच्या नित्य आचारात सामील झालेले स्मारक टिकते, याचे हे या परिसरातील एक प्राचीन उदाहरण आहे. विहीर, तलाव वा धर्मशाळा बांधून पूर्वजांचे स्मरण ठेवण्याची रीतही येथे पूर्वापार रूढ होती.

ब्रिटिश काळातील पुतळे : व्यक्तीचा हुबेहूब पुतळा सार्वजनिक जागी उभारण्याची प्रथा ब्रिटिशांनी आणली. लॉर्ड कॉर्नवॉलिस याचे संगमरवरी स्मारक कोटातील मोकळ्या मैदानावर (नंतरचे एल्फिन्स्टन सर्कल व सांप्रतचे हॉर्निमन सर्कल) उभारण्यात आले, तेव्हा देशी लोक त्यास ‘छोटे देऊळ’ म्हणू लागले व तेथे फुलेही वाहू लागले. मूर्ती आणि पुतळा यांतील भेद शहराच्या अंगवळणी पडण्यास काही काळ लागला, असे यावरून दिसते. टाउन हॉलमध्ये (१८३३) मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन व सर जॉन माल्कम या गव्हर्नरांचे पुतळे बसविण्यात आले. पुढे सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) व जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) या एतद्देशीय नागरिकांचे पुतळेही त्याच वास्तूत आले. राज्यकर्त्यांच्या पंक्तीत शहराच्या नागरिकास स्थान मिळाले, हा या घटनेचा अर्थ होय.

राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून १८७२ मध्ये उभारला गेला. मॅथ्यू नोबल हा त्याचा शिल्पकार. युवराज (नंतरचा सातवा एडवर्ड) याच्या १८७५-७६ मधील भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला व जोसेफ एडगर बोएम याने घडविलेला अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. काळसर धातूच्या या घोड्यावरून त्या परिसरासच ‘काळा घोडा’ हे नाव पडले. लोकांनी स्वाराऐवजी घोड्याचे नाव घ्यावे, ही बाब बोलकी आहे.

भायखळा येथील ‘खडा पारसी’ हा पुतळा या काळातील कौटुंबिक स्मारकांपैकी एक होय. शेट करसेटजी माणेकजी यांचे हे स्मारक त्यांचे पुत्र, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते माणेकजी करसेटजी, यांनी उभारले. जॉन बेल या शिल्पकाराने त्याची रचना केली असून पायथ्याशी चार मत्स्यकन्या आहेत. पुढे या चौकातील उड्डाणपुलांमुळे तो वाहतुकीच्या कोंडीत सापडला. २०१४ मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण करण्यात आली.

लोकोपयोगी स्मारके : केवळ पाहण्यासाठी नव्हे, तर वापरण्यासाठी स्मारक बांधावे, ही कल्पना मुंबईतील व्यापारी समाजांत विशेष रुजली. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांनी दिलेल्या देणगीतून उभारलेल्या विद्यापीठाच्या घड्याळी मनोऱ्यास (१८७८) त्यांच्या मातेचे, राजाबाईचे, नाव देण्यात आले. डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याचे स्मरण देते. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय हे तर दात्याच्या नावाच्या आद्याक्षरांनीच सर्वत्र ओळखले जाते.

या प्रकारातील सर्वांत साधे व सर्वांत लोकाभिमुख स्मारक म्हणजे पाणपोई किंवा प्याऊ. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आल्यानंतर चौकाचौकांत दगडी पाणपोया बांधणे शक्य झाले. तहानलेल्यास पाणी पाजणे हे पुण्यकर्म, ही भारतीय समजूत व मृत आप्ताचे नाव राखण्याची इच्छा यांचा मेळ त्यांत पडला. हमाल, गाडीवान व पादचारी यांच्यासाठी पाण्याच्या धारा आणि खालच्या बाजूस बैलांसाठी व इतर जनावरांसाठी कुंड अशी अनेक पाणपोयांची रचना असे. मशीद बंदरानजीकच्या भात बाजारातील केशवजी नाईक यांची पाणपोई (१८७६) ही त्यांपैकी प्रसिद्ध होय. कोटातील बाजार गेट भागात बमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १८८२ मध्ये कारंजे व घड्याळी मनोरा बांधण्यात आला. त्याच्या शिल्पावर प्राचीन इराणी वास्तुशैलीचा प्रभाव आहे. रतनसी मुळजी यांनी आपल्या अल्पवयात निवर्तलेल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेले कोटातील कारंजे (१८९४) एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्झ या वास्तुविशारदाने योजिले. त्यातील हत्तींच्या सोंडांमधून पाणी पडत असे. पित्याच्या खाजगी दुःखाचे रूपांतर तेथे अनोळखी वाटसरूच्या सोयीत झाले. अनेक पाणपोयांचे पाणी कालांतराने बंद पडले व त्याबरोबर त्यांवरील नावेही विस्मृतीत गेली.

शहरातील सर्वांत ख्यातनाम कारंजे म्हणजे फ्लोरा फाउंटन (१८६४). पश्चिम भारताच्या कृषि-उद्यान मंडळाने गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या सन्मानार्थ ते उभारले. त्याच्या खर्चासाठी करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी मोठी देणगी दिली. तथापि फ्रिअरचे वा पारेखांचे नाव न टिकता शिखरावरील पुष्पदेवता फ्लोरा हिचेच नाव लोकांच्या तोंडी राहिले.

साथ व आपत्ती यांची स्मारके : १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक ज्वराची (प्लेगची) साथ आली. या साथीचे निदान मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी प्रथम केले. मूळचे गोव्यातील हडफडे येथील असलेल्या या डॉक्टरांचा पुतळा धोबी तलावानजीक आहे. साथीवरील लस तयार करणारे व्ह. म. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. परळ येथील ही हाफकिन संस्था म्हणजे एका शास्त्रज्ञाचे कार्यरत स्मारक होय. मात्र साथीत सापडलेल्या सामान्य रहिवाशांचे स्मरण वेगळ्या रीतीने राखले गेले. बांद्रा, गिरगाव इ. भागांतील ख्रिस्ती वस्त्यांत व गावठाणांत साथीपासून रक्षण व्हावे म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून वाटेच्या कडेला दगडी क्रूस उभारले. त्यांपैकी कित्येकांवर साथीच्या सालांचे आकडे आहेत. मे महिन्यात त्यांची सजावट करून शेजारीपाजारी एकत्र प्रार्थना करण्याचा प्रघात आहे. इमारती बदलल्या, जुनी घरे पडली, तरी अनेक ठिकाणी क्रूस मात्र जागेवर राहिले.

समुद्रावर मृत्यू पावलेल्यांची थडगी नसतात. मशीद बंदर भागातील खलाशी-गृहात (इंडियन सेलर्स होम) दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या भारतीय खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या महायुद्धाचे स्मारक दोन हजारांहून अधिक, तर दुसऱ्या महायुद्धाची स्मरणयादी सुमारे सहा हजार खलाशांचे स्मरण राखते. आगवाले, तांडेल, खलाशी, भंडारी अशी कामे करणाऱ्या या नाविकांत कोकणातील मुसलमान व हिंदू, गोमंतकीय ख्रिस्ती, तसेच पूर्व बंगालमधील लोक होते. गेट वे ऑफ इंडियासारख्या वास्तूच्या मानाने हे स्मारक फारच थोड्या मुंबईकरांना ठाऊक आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागून दारूगोळ्याचे प्रचंड स्फोट झाले. आग विझविताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. भायखळा येथील दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक असून १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एका शहरातील दुर्घटनेचे स्मरण राष्ट्रीय दिनात परिणत झाल्याचे हे उदाहरण होय.

राष्ट्रीय चळवळीची स्मारके : १८५७ च्या उठावात भाग घेतल्याच्या आरोपावरून सय्यद हुसेन व मंगल गाडिया या दोन शिपायांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच परिसरातील आझाद मैदानालगतचे अमर जवान स्मारक त्यांच्या स्मरणार्थ आहे. २०१२ मध्ये एका दंगलीत त्याची नासधूस झाली. पुढे ते दुरुस्त करण्यात आले.

लोकमान्य टिळक (१८५६–१९२०) यांच्यावर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथेच १९३३ मध्ये शिल्पकार र. कृ. फडके यांनी घडविलेला त्यांचा पुतळा उभारण्यात आला. फ्लोरा फाउंटनजवळील दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) यांचा पुतळा बा. व. तालीम यांचा आहे. परकीय शिल्पकारांच्या जागी एतद्देशीय शिल्पकार येऊ लागल्याचेही हे पुतळे निदर्शक आहेत. गवालिया तलाव मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. त्यास पुढे ऑगस्ट क्रांती मैदान हे नाव मिळाले व तेथे स्मारकस्तंभ उभारण्यात आला. महात्मा गांधी १९१७ ते १९३४ या काळात ज्या घरी उतरत, ते गावदेवीतील मणिभवन संग्रहालय व ग्रंथालय म्हणून जतन केले आहे.

बाबू गेनू या पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळ येथून आलेल्या गिरणी कामगाराने १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड वाहणाऱ्या मालमोटारीपुढे आडवे होऊन प्राण दिला. त्याचे नाव तेथील रस्त्यास देण्यात आले. नामवंत नसलेल्या श्रमिकाचे नाव शहराच्या नकाशावर येण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर : स्वातंत्र्यानंतर कोणते स्मारक ठेवावे व कोणते हलवावे हा प्रश्न निर्माण झाला. छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी गेट वे ऑफ इंडियासमोर प्रस्थापित झाला. पाचव्या जॉर्जच्या आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेल्या कमानीचा अर्थच त्यामुळे बदलला. १९६५ मध्ये काळ्या घोड्यासह अनेक ब्रिटिश पुतळे रस्त्यांवरून हलविण्यात आले. त्यांपैकी काही भायखळ्याच्या राणीच्या बागेत व तेथील संग्रहालयाच्या आवारात ठेवले गेले. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या याच संग्रहालयाचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव बदलून १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–७४) यांचे नाव देण्यात आले. संग्रहालयासाठी ज्याने परिश्रम केले त्याचे नाव शंभर वर्षांनी त्यास लाभले. काळा घोडा हे स्थलनाम मात्र पुतळा गेल्यावरही कायम राहिले व २०१७ मध्ये तेथे स्वारविरहित घोड्याचे नवे शिल्प उभारण्यात आले.

हुतात्मा चौक : संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. त्यानंतरच्या काळातही मुंबईत व अन्यत्र गोळीबारात अनेक जण बळी पडले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर (१ मे १९६०) त्यांच्या स्मरणार्थ फ्लोरा फाउंटनशेजारी २१ नोव्हेंबर १९६१ रोजी हुतात्मा स्मारकाचे अनावरण झाले व परिसरास हुतात्मा चौक हे नाव मिळाले. मशाल धरलेला शेतकरी व कामगार असे हे शिल्प आहे. कोणा एका नेत्याऐवजी श्रमिकांच्या प्रातिनिधिक आकृती मध्यवर्ती चौकात आल्या, ही या स्मारकाची विशेषता. हुतात्म्यांची संख्या लोकव्यवहारात १०५ अशी रूढ झाली असली, तरी नंतरच्या याद्यांत ती १०६ व १०७ अशीही आढळते. हा फरक क्षुल्लक नव्हे. सामूहिक स्मारकात एकेका नावाची नोंद किती मोलाची असते, हे त्यातून दिसून येते. महाराष्ट्रदिनी येथे शासनातर्फे अभिवादन केले जाते.

चैत्यभूमी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या जागी यशवंतराव (भैय्यासाहेब) आंबेडकर यांच्या पुढाकाराने व अनुयायांनी दिलेल्या वर्गणीतून स्तूपाकार स्मारक बांधण्यात आले. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सांची येथील तोरणाशी साम्य असलेले प्रवेशद्वार व आत अस्थी असलेला लहान स्तूप असे त्याचे स्वरूप आहे. वास्तू आकाराने लहान असली, तरी दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्रातून व देशाच्या अन्य भागांतून लाखो अनुयायी येथे येतात. शिवाजी पार्कवर त्या वेळी पुस्तकांची असंख्य दुकाने लागतात. खेड्यातून आलेला शेतमजूरही परत जाताना एखादे पुस्तक घेऊन जातो, ही प्रथा या स्मारकास ग्रंथप्रसाराचे केंद्र बनविते. दाता, शिल्पकार वा शासन यांच्यापेक्षा स्मरण करणारा समाजच येथे स्मारकाचा कर्ता आहे. जवळच इंदू मिलच्या जागेवर योजिलेल्या आंबेडकर स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले.

कामगारांच्या स्मृती : सुमारे सव्वाशे वर्षे कापडगिरण्यांनी मुंबईचे जीवन घडविले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडली व त्यांच्या जमिनींवर कार्यालये, दुकाने व उंच निवासी इमारती आल्या. काही ठिकाणी उरलेली धुराडी हीच या कामगारजीवनाची खूण आहे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल्सच्या जागी वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना महानगरपालिकेने आखली. तथापि यंत्रे जतन करणे व ती चालविणाऱ्यांचे स्मरण राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. साचेखात्यातील भाषा, चाळीतील खानावळी, भजनी मंडळे, गणेशोत्सव, तसेच खानावळ चालवून संसार ओढणाऱ्या स्त्रिया यांचे स्मरण धुराड्यात साठत नाही. ते वृद्ध कामगारांच्या आठवणींत व कामगार रंगभूमीच्या परंपरेत आहे, आणि ते लिहून घेण्याचा काळ झपाट्याने सरत आहे.

जतन : १९९५ च्या वारसा नियमावलीमुळे अनेक पुतळे, कारंजी व पाणपोया यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यानंतर वाडिया मनोरा व फ्लोरा फाउंटन यांचे जीर्णोद्धार झाले. मात्र रस्तारुंदी, मेट्रो मार्ग व पुनर्विकास यांमुळे लहान स्मारकांना सतत धोका असतो. क्रूस, पाणपोई किंवा चौकातील नामफलक एकदा हलला की त्याचा वस्तीशी असलेला संबंध तुटतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जिवंत हल्लेखोरास पकडताना प्राण देणारे साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर, प्रत्यक्ष घटनास्थळी आहे. घटना व स्थळ यांचे हे ऐक्य हेच त्याचे बळ होय.

मुंबईच्या अनुभवावरून असे दिसते, की स्मारकाचे आयुष्य दगड वा धातू यांच्या टिकाऊपणावर अवलंबून नसते. राज्यकर्त्यांचे भव्य पुतळे संग्रहालयाच्या अंगणात गेले, तर वस्तीने जपलेला क्रूस व वर्गणीतून उभारलेला स्तूप लोकांच्या आचारात राहिले. ज्या स्मारकापाशी लोक पाणी पितात, प्रार्थना करतात, पुस्तक घेतात किंवा वर्षातून एकदा नावे वाचतात, ते जिवंत राहते. नव्या स्मारकांची योजना करताना त्याची उंची किती असावी यापेक्षा तेथे कोण येईल व कोणाची नावे राहून गेली आहेत, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.